डावीकडचा पडदा

आमच्या घरात असल्या गोष्टींना जागा नाही, हे आधी सांगून टाकतो. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि त्याच आठवड्यात देव्हारा, ताईत, अंगारा सगळं एका टोपलीत भरून नदीत सोडून आले. कोणी झपाटलेल्या चिंचेची गोष्ट सांगायला लागलं की आजोबा त्यालाच घोंगडी देऊन त्या चिंचेखाली झोपायला पाठवायचे. त्यांचा नातू मी. वीस-बावीस वर्षं धानोऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. माझ्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला कारण असतं... बहुतेक वेळा धूळ, नाहीतर उंदीर, नाहीतर खुद्द गिऱ्हाईक.

तरी इथं लिहितोय, आणि लाजत लिहितोय. लाज दोन प्रकारची आहे. असला अनुभव मला आला, ही लहान लाज. मोठी पुढं येईलच.

इथं लोक घाटातल्या बाईचं लिहितात, ओसाड बंगल्याचं लिहितात. माझ्या गोष्टीत फक्त एक मॉनिटर आहे. एकोणीस इंची. वेळ दुपारी चारची, बाहेर रखरखीत ऊन, आणि मी बनियनवर बसून कांदेपोहे खातोय. ज्यांना भीती हवी असेल त्यांनी दुसरा अनुभव वाचावा.

अजून एक... मला कॉम्प्युटर पुरता उघडून पुन्हा जोडता येतो, पण मराठी टाईप करायला बसलो तर एक ओळ म्हणजे एक दुपार. म्हणून मी सांगतोय आणि टाईप दुसरं माणूस करतंय. मध्ये कुठं अडखळल्यासारखं वाटलं तर समजून घ्या.

तर, मोरेश्वरभाऊ. माझे मित्र, आणि खरं म्हणजे गुरू. माउस कसा धरायचा हे मी त्यांच्याकडून शिकलो. तहसीलच्या रस्त्यावर त्यांचं टायपिंगचं दुकान. आठ बाय दहाची खोली, मागं लागूनच घर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, ग्रामसभेचे ठराव, सगळं तिथं व्हायचं. टेबलावर दोन मॉनिटर. उजवा त्यांच्या समोर. डावा मात्र त्यांनी बाजूच्या स्टुलाकडं वळवून ठेवलेला, आणि टायपिंगची विंडो कायम त्या डाव्यावर टाकलेली. स्टुलावर गिऱ्हाईक बसायचं. ते बोलायचं, आणि बोललेलं त्याच्या समोर उमटायचं. भाऊ बिचारे मान वाकडी करून टाईप करायचे. संध्याकाळी मानेला मलम चोळायचे, पण पडदा स्वतःकडं वळवायचे नाहीत.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, अर्ध्या लोकाइले वाचता येत नाई. त्याइले कायले दाखवता?"

"वाचता येत नाई म्हनूनच," ते म्हणाले. "आपल्या नावावर काय चाललं ते मानसाले दिसलं पायजे ना. आजपावतर सगळ्याइनं त्याइच्यासमोर कागद उलटाच धरला."

लिहून झालं की ते अख्खं वाचून दाखवायचे, आणि विचारायचे, "बराबर हाय?" समोरचा 'हो' म्हणाला तरच प्रिंट.

गेल्या उन्हाळ्यात आत जंगलातल्या एका गावानं त्यांना मोठं काम दिलं. गावाला सामूहिक वनहक्काचा दावा करायचा होता. आपण कुठवर मोहफुलं वेचतो, कुठवर तेंदू तोडतो, कोणत्या नाल्यापर्यंत आपली हद्द, हे गावातल्या एकतीस म्हाताऱ्या माणसांनी सांगायचं आणि ते लिहून घ्यायचं. दर बाजाराच्या दिवशी दोघं-तिघं यायचे, स्टुलावर बसायचे, भाऊ टाईप करायचे. हाताने लिहिलेलं काहीच नाही. जे होतं ते त्या एका फाईलमध्ये. एकतीसही जबाब झाले. प्रिंट मात्र सुनावणीची तारीख आल्यावर काढायची ठरली, कारण अंगठे एकदमच घ्यायचे होते.

तारीख यायच्या आधी भाऊच गेले. छातीत कळ आली, गडचिरोलीला नेईपर्यंत संपलं. पुढं पावसाळ्यात त्या एकतीसपैकी तीन म्हाताऱ्याही गेल्या. म्हणजे त्यांचं बोलणं आता फक्त त्या फाईलमध्ये.

आणि ती फाईल म्हणजे एक पीडाच. भाऊंचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बाबा आदमच्या काळातलं. पेनड्राइव्हसारखं दिसणारं एक लॉक मागं खोचलेलं असेल तरच चालायचं, आणि त्यातली फाईल दुसऱ्या कशातच उघडायची नाही. दुसरीकडं नेली की नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. सॉफ्टवेअरची सीडी केव्हाच हरवलेली. म्हणजे त्या गावाचं म्हणणं त्या एकाच डब्यात, त्या एकाच मशीनवर.

कुसुमवैनी, भाऊंच्या पत्नी, यांनी दोन महिन्यांनी दुकान पुन्हा उघडलं. इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलेलं, बोटं आपोआप चालत होती. पहिल्याच दिवशी मला फोन. "भाऊजी, डावा पडदा काळा होऊन राह्यला. येता काय?"

गेलो. पडद्यावर 'नो सिग्नल'ची चौकट इकडून तिकडं फिरत होती, आणि मग तीही विझली. मागून केबल पाहिली. पिन अर्धवट बाहेर आलेली. बस, एवढंच. झाडताना ओढली गेली असणार. मी दाबून बसवली. खालचा निळा दिवा लागला, पडदा उजळला. वैनी तेव्हा आत चहा ठेवत होत्या.

आता ऐका. माझी मुलगी प्राची बारावीला. तडा गेलेल्या मोबाइलवर डोळे बारीक करून शिकायची. घरी जुना सीपीयू होता, मॉनिटर नव्हता. मी दुसऱ्यांचे शंभर मॉनिटर दुरुस्त केले असतील. स्वतःच्या दुकानात एकच, तोही असा की ज्यावर माणसं हिरवी दिसतात. आणि समोर हा... स्वच्छ, एक डाग नाही. मी स्वतःला म्हटलं, वैनींना दोन पडद्यांचं काय काम? एकावर भागेल. मी इतक्या वेळा फुकट येतोच ना. हे सगळं डोक्यात यायला चहाला उकळी येण्याइतकाही वेळ लागला नाही.

मी बटण दाबून तो बंद केला. वैनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी चेहरा पाडून बसलो होतो, डॉक्टर लोक बाहेर येऊन सांगतात ना, तसा. म्हटलं, "पॅनल गेला, वैनी. आता दुरुस्त होत नाई. भंगारच हाय. ठेवून कायले जागा अडवता... मी नेऊन टाकतो."

वैनी थोडा वेळ पडद्याकडं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "न्या."

(टायपिंग जरा थांबलं होतं. आता सुरू झालं.)

घरी मी सांगितलं, एका गिऱ्हाइकानं दिला. आमची बायको मंदा, तिनं एकदा मॉनिटरकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "तोंड तर असं करून आले, जशी कोनाची म्हैस सोडून आनली." मी हसलो. मला स्वतःचंच ते हसणं आवडलं नाही.

आठ दिवसांनी वैनींचा फोन. "भाऊजी, त्याइची जबाबाची फाईल उघडून राह्यली, पन दिसून नाई राह्यली."

यात भुताचं काहीच नाही, हे कॉम्प्युटरवाल्या कोणालाही माहीत असतं. दोन पडदे असले की विंडो शेवटी जिथं होती ती जागा लक्षात ठेवते. एक पडदा काढला तरी ती कधीकधी तिथंच उघडते, म्हणजे टेबलाच्या बाहेर, हवेत. खाली पट्टीवर नाव दिसतं, विंडो दिसत नाही. उपाय सोपा. आल्ट आणि स्पेस, मग एम, मग बाण दाबत राहायचं. विंडो सरकत सरकत आत येते. मी ऐटीत जाऊन केलं. विंडो आली. डावीकडून तिची कड दिसली, चार बोटं आत आली... आणि मी बोट उचलताच परत गेली. दाव्याला बांधलेलं वासरू जसं दावं संपलं की मागं खेचलं जातं, तसं.

पुन्हा केलं. पुन्हा गेली. म्हटलं, मग न पाहताच प्रिंट देऊ. प्रिंटची कमांड दिली, तर प्रिंटची चौकटही तिकडंच उघडली, हवेत. 'ओके' कुठं दाबणार?

डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथं दोन चौकोन. एक आणि दोन. डाव्या चौकोनाखाली मॉडेलचा नंबर. तोच, जो आमच्या घरच्या मॉनिटरच्या पाठीवर आहे. मी टेबलाखाली शिरलो. (माझं पोट लक्षात घेता हे सोपं नाही.) मागं एकच केबल, एकच मॉनिटर. 'फक्त एकवर दाखवा' केलं. पडदा लुकलुकला, पुन्हा दोन चौकोन. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. ग्राफिक्स कार्डच काढलं, मशीनच्या मूळ पोर्टवर केबल लावली. दोन चौकोन. शेवटी माझ्या दुकानातला तो हिरवा मॉनिटर आणून डावीकडं लावला. म्हटलं घे, दुसरा पडदा हवा ना तुला? तर सेटिंगमध्ये तीन चौकोन झाले. माझा हिरवा तीन नंबर. विंडो दोन नंबरवरच. हिरवा काढून खाली ठेवला.

मशीन पूर्ण पुसून नव्यानं विंडोज टाकावं, तर ते सॉफ्टवेअर गेलं आणि फाईल कायमची गेली. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. चोराला धाडस असतं हे उगाच म्हणतात.

त्या दिवशी मडावी आजा दुकानात आले होते. त्या गावचे, ऐंशीच्या पुढचे. सुनावणी सोमवारी लागली, हे सांगायला आलेले. येऊन सवयीनं स्टुलावर बसले, आणि रिकाम्या जागेकडं तोंड करून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "पडदा कुठी गेला, बाई?"

"बिघडला आजा. भाऊजीनं नेला."

आजांनी माझ्याकडं पाहिलं. मी स्क्रू शोधायला खाली वाकलो. स्क्रू माझ्या हातातच होता.

"मंग मले कसं दिसन?"

"मी वाचून दाखवीन ना," वैनी म्हणाल्या.

"तुह्यं वाचनं खरंच असन बाई. पन मोरेश्वरभाऊ म्हने, आपल्या नावावरचं आपल्या डोयानं पाहाव." मग म्हणाले, "सोमीबाई तर गेली. तिचं तेवढं नीट हाय ना? तिच्या मोहाच्या झाडापासूनच आमची हद्द सुरू होते. ते नसन तर साहेब म्हनतीन, तुमची हद्द नाल्याच्या अलीकडंच."

"शुक्रवारी बाजाराले या, आजा," वैनी म्हणाल्या. "तवापावतर भाऊजी करून देतीन." आणि माझ्याकडं पाहून, "करसान ना, भाऊजी?"

मी म्हटलं, "हो हो... हे काय, झालंच समजा."

त्याच आठवड्यात घरी प्राची म्हणाली, "बाबा, मध्येच एक बाण येते स्क्रीनवर. माह्या माउसचा नाई होय तो. उजवीकडून येते, फिरते, अन जाते."

मी म्हटलं, व्हायरस असेल, काहीही डाउनलोड करत असशील. ती म्हणाली, इंटरनेट तर बंद आहे. मी तिच्यावरच ओरडलो. उजवीकडून... हा शब्द मात्र डोक्यातून जाईना. भाऊंच्या टेबलावर मोठा पडदा उजवीकडं होता. तिथून माउस डावीकडं सरकवला, तर बाण डाव्या पडद्यावर उजवीकडूनच शिरणार ना?

गुरुवार. दुपारचे चार. मी पोहे खातोय, प्राची अभ्यासाला बसलेली, मंदा शेजारी गेलेली. वैनींचा फोन आला. आवाज थकलेला. "भाऊजी, उद्या आजा येतीन. मी पुन्हा उघडून पाहतो एकडाव." तिकडं माउस दोनदा वाजल्याचा आवाज फोनमध्ये ऐकू आला.

आणि प्राची म्हणाली, "बाबा."

मी ताट हातात घेऊनच वळलो. पडद्यावरच्या तिच्या पुस्तकाच्या पानावर एक विंडो उघडली होती. त्या जुन्या सॉफ्टवेअरची, करड्या काठाची. आमच्या सीपीयूमध्ये ते सॉफ्टवेअर नाही, कधी नव्हतं. ते लॉक वैनींच्या दुकानात, आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडं. हा मॉनिटर साधा, केबलवाला. त्यात वायफाय-बियफाय काही नाही. हे मी आज सांगतोय. तेव्हाचं म्हणाल तर पोह्यांतला एक दाणा घशात अडकला होता, तेवढं आठवतं.

प्राची हळूहळू वाचायला लागली. "सोमीबाई, वय अंदाजे पंच्याहत्तर. नाल्याच्या पलीकडचा तिसरा मोह माझ्या सासऱ्याचा. त्याच्याखाली फुलं वेचता वेचता माझा पहिला पोरगा झाला. तिथून पुढं टेकडीवरच्या येनाच्या झाडापर्यंत आम्ही जातो. त्याच्या पलीकडं देव आहे, तिकडं आम्ही कुऱ्हाड नेत नाही. हा जबाब पडद्यावर दाखवून वाचून दाखवला. बरोबर आहे म्हणाली."

फोन माझ्या कानालाच होता. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "वैनी, जरा... माउस डावीकडं न्या."

उजव्या काठातून बाण आत आला. सोमीबाईच्या नावावर जाऊन थांबला.

"काहीतरी टाईप करा."

तिकडं कळा वाजल्या. इकडं, जबाबाच्या खाली, एकेक अक्षर उमटत गेलं. वैनींना स्वतःला काही दिसत नव्हतं, त्या आंधळेपणानं टाईप करत होत्या, तरी एक वेलांटी चुकली नाही.

दिसते का भाऊजी

आणि फोनमध्येही तेच. "दिसते काय, भाऊजी?"

आता मोठी लाज. चोरी नव्हे ती; चोरीला निदान मी मनात काहीतरी नाव दिलं होतं. पण त्या वेळी माझ्यासमोर मेलेल्या माणसाचं शेवटचं काम होतं, मेलेल्या म्हातारीचा मोह होता, माझी मुलगी होती. 'दिसतं वैनी, पान पुढं सरकवा,' एवढं म्हटलं असतं तरी आम्ही दोघं बाप-लेक बसून एकतीस जबाब उतरवून काढू शकलो असतो. पण दिसतं म्हटलं, की कुठं दिसतं हे आलं. कशावर दिसतं हे आलं.

मी म्हटलं, "नाही, वैनी. काही दिसत नाही."

तिकडून "बरं," आणि फोन ठेवला. विंडो मिटली. प्राचीचं पुस्तक परत आलं.

प्राचीनं विचारलं, "बाबा, हा मॉनिटर कोनाचा होय?"

मी तिला सांगितलं. पहिल्यांदा आयुष्यात मुलीपुढं मान खाली घालून सांगितलं. ती रडली-बिडली नाही, रागावली नाही. उठून भिंतीतला प्लग काढला, केबल गुंडाळली, आणि तिचा तडा गेलेला मोबाइल घेऊन ओट्यावर जाऊन बसली. मंदा आल्यावर तिलाही कळलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "म्हशीचं म्हनलं तवा हसले होते ना तुमी."

शुक्रवारी सकाळी मॉनिटर चादरीत गुंडाळून, स्कूटरवर पुढं ठेवून निघालो. रस्ताभर एक वाक्य पाठ करत होतो. दुकानात आजा स्टुलावर बसलेले होते, अंगठ्याची शाई समोर मांडून. वैनी टेबलापाशी.

मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "नागपूरच्या एका ओळखीच्याकडून पॅनल बसवून आनला, वैनी."

हो. तेव्हाही.

वैनींनी सरकून जागा दिली. मी मॉनिटर जागेवर ठेवला, केबल लावली, पिन नीट दाबली. निळा दिवा लागला. आणि विंडो तिथं होतीच... उघडायचीही गरज पडली नाही. सेटिंग पाहिलं. दोन चौकोन, जसे असायला हवे तसे. विंडो ओढली तर गाईसारखी मुकाट्यानं इकडं येत होती, तिकडं जात होती.

वैनींनी सवयीनं पडदा स्टुलाकडं वळवला. समोर सोमीबाईचा जबाब. त्याच्या खाली त्यांनी आदल्या दिवशी टाईप केलेली ओळ. दिसते का भाऊजी.

आणि तिच्या खाली अजून एक शब्द.

हो

वैनींनी तो वाचला. मी वाचला. आजांना वाचता येत नाही, पण ते आमच्या तोंडांकडं पाहत होते. मला वाटलं आता ही बाई काहीतरी विचारेल. मला तर वाटलं, विचारावंच.

वैनींनी बोट बॅकस्पेसवर ठेवलं. 'हो' गेलं. मग त्यांची स्वतःची ओळ, एकेक अक्षर करून, गेली. खाली फक्त सोमीबाई राहिली. मग त्यांनी खुर्ची पुढं घेतली, आणि पहिल्या जबाबापासून वाचायला सुरुवात केली. आजा डाव्या पडद्याकडं पाहत ऐकत होते, प्रत्येक गावकऱ्याच्या नावाला मान हलवत. सोमीबाईचा आला तेव्हा म्हणाले, "हां. असंच सांगतलं होतं तिनं. मी इथीच उभा होतो." आणि प्रिंट निघाल्यावर स्वतःच्या जबाबावर अंगठा उमटवला.

हयात असलेल्या बाकीच्यांचे अंगठे रविवारी गावात जाऊन घेतले. प्रिंट आणि वैनी माझ्याच स्कूटरवर होत्या. तेवढं करणं भाग होतं. सोमवारी कागद दाखल झाले, सोमीबाईच्या मोहासकट. निकाल अजून यायचा आहे.

घरी येऊन मी प्राचीला विचारलं होतं, "त्या दिवशी तू 'हो' टाईप केलं होतं काय?" मला मनापासून वाटत होतं की तिनंच केलं असावं. तसं असतं तर निम्मं कोडं सुटलं असतं.

ती म्हणाली, "नाई बाबा. की-बोर्डाले हात नव्हता माह्या. मी तर तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती."

त्यानंतर मी बरंच डोकं लावलं. प्राचीचा घरचा सीपीयू पूर्ण उघडला. केबल तपासल्या. जुना पडदा काढूनही तो यादीत राहतो, हे मी दहा ठिकाणी पाहिलंय; तेवढ्याचं कारण सांगता येतं. पण तीन गल्ल्या पलीकडची विंडो, तारेशिवाय, नेटशिवाय, बरोब्बर त्याच पडद्यावर? आणि तो एक शब्द? मला माहीत नाही. आजोबा असते तर म्हणाले असते, लोभानं तुझे डोळे फिरले. पण प्राचीचे कशानं फिरले? मी अजूनही काही मानत नाही. पण आता कोणाचा मॉनिटर खोलायचा असला की आधी त्या माणसाला शेजारी बसवतो.

हा मजकूर कुठं टाईप होतोय, ते सांगायचं राहिलं. तहसीलच्या रस्त्यावर, आठ बाय दहाच्या खोलीत. मी स्टुलावर बसलोय. डावा पडदा माझ्याकडं वळवलेला आहे, आणि मी बोलतोय ते माझ्यासमोर उमटतंय. वैनींनी मघाशी, 'पॅनल गेला'च्या जागी, थोडा वेळ हात थांबवला होता. मला वाटलं उठून जातील. नाही गेल्या. म्हणाल्या, "पुढं?"

आता त्यांनी पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं. कांदेपोह्यांसकट. मग विचारलं, "बराबर हाय, भाऊजी? काही राह्यलं?"

मी म्हटलं, काही नाही राहिलं.

पण कळा वाजायच्या थांबल्या नाहीत. मी तोंड मिटून बसलोय, आणि पडद्यावर अक्षरं येतायत. हे माझं बोलणं नाही.

त्या दिवशी चहा घेऊन येतानी निळा दिवा मी पायला होता भाऊजी. तुमी बटन दाबलं तेही पायलं. म्हनलं पोरीसाठी नेत असतीन. एकडाव मांगून पायलं असतं तर मीच चादरीत बांधून देल्ला असता. दिसते का?

हो, वैनी. दिसतं.